‘त्यांना कळणार नाही’ हे ठरवणारे तुम्ही कोण?

‘त्यांना काय कळणार?’ या एका प्रश्नाने आमच्या जिल्ह्यातील एक चांगला उपक्रम संपवला. संपवला असेही म्हणता येत नाही, कारण कागदावर तो अजून जिवंत आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात त्याचे छायाचित्र छापून येते, उद्घाटनाला पाहुणे येतात, नारळ फुटतो, उपस्थितीचा तक्ता भरला जातो. त्या उपक्रमाचे नाव ‘फिल्म क्लब’. जगभरचे उत्तम चित्रपट पाहावेत आणि पाहून झाल्यावर त्यांवर बोलावे, एवढाच त्याचा हेतू. हेतूबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. आमचे भांडण आहे ते हा हेतू चार भिंतींत कोंडून त्याला संस्कृती म्हणणाऱ्या वृत्तीशी.

आम्ही म्हणजे कोण, हेही सांगितले पाहिजे. आम्ही सिंधुदुर्गातले काही मराठी मुसलमान. कुणी शिक्षक, कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी मासळीच्या धंद्यातला, एकजण वायरमन. घरात कोकणी बोलणारे, बाजारात मालवणी बोलणारे आणि लिहिताना मराठी लिहिणारे. एका महाविद्यालयाने (नाव सांगत नाही, कारण प्रश्न एकाच महाविद्यालयाचा नाही) गावातल्या रसिकांनाही क्लबात प्रवेश दिला, तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने सभासद झालो. विद्यापीठ समाजासाठी दार उघडते आहे असे वाटले. दार उघडले होते हे खरे, पण ते कुणासाठी उघडले होते हे आम्हाला पुढे हळूहळू उमगत गेले.

सुरुवातीला चित्रपट शुक्रवारी दुपारी दीड वाजता असे. ही वेळ जुम्म्याच्या नमाजची. मुसलमान मुलांना एकतर नमाज सोडावी लागे, नाहीतर चित्रपट. आम्ही विनंती केली, प्राध्यापकांनी समजुतीने घेतले आणि वेळ दुपारी चारची केली. आम्ही खूश झालो. पण चार वाजता सुरू झालेला चित्रपट सहाच्या आत संपत नाही आणि आतल्या गावांकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटते. म्हणजे ज्या मुली एसटीने येतात, त्या सव्वापाचला उठून, वाकून, कुणाच्या डोळ्यांसमोर आडवे येऊ नये म्हणून पडद्याच्या कडेने निघून जातात. आमच्या मुलांची सोय झाली आणि सगळ्या जातीधर्मांच्या मुलींची गैरसोय झाली. हे आमच्या लक्षात यायला पुरते वर्ष लागले, हे कबूल करायला आम्हाला आज लाज वाटते.

लक्षात आणून दिले ते एका मुलीने. इराणच्या माजिद मजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ हा १९९७ चा चित्रपट दाखवला होता. तेहरानमधल्या गरीब घरातला अली आपल्या धाकट्या बहिणीचे, झहराचे, बूट हरवतो. बापाकडे नवे घ्यायला पैसे नाहीत. मग दोघे भावंडे एकच जोडी वाटून घेतात. ती सकाळच्या शाळेतून धावत येते, तो तिच्याकडून बूट घेऊन दुपारच्या शाळेत धावत जातो. पंधरा-वीस दिवसांनी बाजारात ही विद्यार्थिनी आमच्यातल्या शिक्षकाला भेटली आणि तिने विचारले, “सर, त्या मुलीला बूट मिळाले का?”

वाचकहो, या प्रश्नावर आम्ही अनेक रात्री बोललो आहोत. तिने दिग्दर्शकाचे नाव विचारले नाही, पारितोषिके विचारली नाहीत. एका परक्या देशातल्या, परकी भाषा बोलणाऱ्या पोरीच्या पायात बूट आले की नाही, याची काळजी ती पंधरा दिवस वागवत होती. चित्रपट कळणे म्हणजे याहून वेगळे काय असते? आणि हिलाच आपण अर्ध्यातून उठवले होते!

तेव्हा आम्ही क्लबाच्या बैठकीत एक सूचना मांडली. महिन्यातून एक चित्रपट महाविद्यालयाबाहेर, गावात, रात्री जेवणे झाल्यावर दाखवावा. सुरुवात पिंगुळीपासून करावी. तिथे ठाकर समाजाच्या कलावंतांची घरे आहेत, अंगणे आहेत आणि रात्री जमून चित्रातली गोष्ट ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. इंग्रजी उपशीर्षके ज्यांना वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी कुणीतरी मालवणीत सांगत जावे. बैठक हसली. वाईट हेतूने नव्हे, मोठ्या माणसाने मुलाच्या बोलण्यावर हसावे तशी. आणि मग ते वाक्य आले : “कल्पना छान आहे हो, पण त्यांना काय कळणार?”

पिंगुळीच्या माणसाला चित्र कळणार नाही! कुडाळच्या वेशीवरच्या या गावाला काय ठाऊक आहे ते एकदा नीट पाहू. ठाकरांची चित्रकथी म्हणजे हाताने रंगवलेल्या चित्रांची पोथी. रामायण-महाभारतातले एकेक आख्यान, एकेका प्रसंगाचे एकेक चित्र. सांगणारा चित्र समोर धरतो. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने प्रसंग गातो, बोलतो. मग ते चित्र बाजूला होते आणि दुसरे येते. केव्हा थांबायचे, कोणते चित्र जास्त वेळ ठेवायचे, कोणते झरकन उलटायचे, हे सगळे त्याच्या हातात. चित्रपटाच्या शाळेत याला ‘संकलन’ म्हणतात. याच गावात कळसूत्री बाहुल्या आहेत, आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही आहे : पांढरा पडदा, मागे दिवा, मध्ये कातडे कोरून केलेली आकृती, समोर अंधारात बसलेली माणसे. पडदा, उजेड, अंधार आणि जमाव. सिनेमागृहात याहून वेगळे काय असते?

सावंतवाडीच्या भोसले संस्थानचा या कलांना आश्रय होता. राजाश्रय गेला, देवळांतले मान कमी झाले आणि ही कला काही घरांपुरती उरली. ती जगवण्यासाठी परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ २००६ मध्ये उभे राहिले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान झाला याचा आनंद आहे. पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. मणि कौल यांच्यासारख्या दिग्दर्शकाने १९७७ मध्ये ‘चित्रकथी’ याच नावाचा लघुपट केला. तो पिंगुळीच्या अंगणात, पिंगुळीच्या माणसांबरोबर बसून पाहावा आणि ‘आमच्याबद्दल या माणसाने बरोबर सांगितले की चूक?’ असे त्यांना विचारावे, हे आमच्या कोणत्या क्लबाच्या कार्यक्रमपत्रिकेत आले? आमच्या तरी पाहण्यात नाही. कलावंत हा पाहण्याचा विषय, तो पाहणारा असू शकतो हे आमच्या ध्यानीमनी नाही.

आमच्या क्लबाच्या उद्घाटनालाच एका बाहुलीवाल्या कलावंताला बोलावले होते. दीपप्रज्वलनाआधी त्याने दहा मिनिटे बाहुली नाचवली. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झाले. मग ‘आता आपण मुख्य कार्यक्रमाकडे वळू’ असे सूत्रसंचालकाने जाहीर केले आणि तो कलावंत आपली पेटी उचलून घरी गेला. त्याला ‘बसा, चित्रपट पाहून जा’ असे कुणी म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही. तोरणाला आंब्याची पाने लावतात तसा आपण या माणसांचा उपयोग करतो. तोरण दाराबाहेरच राहते, ते काही पंगतीला बसत नाही.

आता ‘कळणार नाही’ या दाव्याचा इतिहास पाहू. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांच्यासारख्यांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची दृष्टी या संस्थांनी घडवली, याबद्दल कृतज्ञताच आहे. पण ही चळवळ मुख्यतः शहराची राहिली, हेही तितकेच खरे. खेड्यातल्या माणसासाठी दादा कोंडके, सुशिक्षितासाठी डी सिका, अशी एक न बोललेली वाटणी होऊन गेली. दादा कोंडके यांच्याबद्दल आम्हाला प्रेमच आहे. तक्रार वाटणीबद्दल आहे.

ही वाटणी आमच्याच सह्याद्रीच्या पलीकडे एका गावाने मोडून दाखवली. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातले हेग्गोडू हे सुपारीच्या बागांचे छोटे गाव. तिथे ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था १९४९ पासून आहे. के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९७३ मध्ये तिथे फिल्म सोसायटी सुरू केली आणि बागाईतदार, मजूर, गृहिणी, शाळकरी पोरे यांच्यासमोर ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ज’, ‘राशोमोन’ हे चित्रपट लावले. पुण्याहून सतीश बहादूर यांच्यासारखे मर्मज्ञ तिथे रसास्वाद शिबिरे घ्यायला गेले. त्या गावकऱ्यांना इटालियन येत नव्हते आणि जपानीही. पण सायकल चोरीला गेल्यावर मजुराचे काय होते, हे समजायला इटालियन कशाला यावे लागते? १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. केरळात जॉन अब्राहम आणि ‘ओडेसा’ गटाने चॅप्लिनचा ‘द किड’ गावोगाव दाखवून लोकांकडून वर्गणी जमवली आणि त्या पैशांतून १९८६ चा ‘अम्मा अरियान’ केला. म्हणजे ज्यांना ‘कळणार नाही’ म्हणतात, त्यांनी केवळ चित्रपट पाहिले नाहीत, चित्रपट निर्मितीलाही पैसा पुरवला.

मग आमच्या कोकणात काय अडले? अडली ती भाषा आणि अडला तो अहंकार. आमच्या क्लबात चित्रपट फारसीत, उपशीर्षके इंग्रजीत, आणि चर्चा अशा मराठीत की जी ऐकून मराठी माणसाने मान खाली घालावी. ‘या दिग्दर्शकाच्या आशयसूत्रातील अवकाशाचे विखंडन’ असे आमच्यातलाच एक गृहस्थ बोलला होता. मागच्या बाकावरच्या मुलाने शेजाऱ्याला विचारले, “काय म्हणतत ते?” शेजारी म्हणाला, “चांगलोच आसतलो.” असली चर्चा म्हणजे लोकांना गप्प बसवण्याचा सभ्य मार्ग. सिनेमा न कळल्यामुळे तो मुलगा गप्प नव्हता. आमची भाषा त्याला परकी होती.

चित्राच्या शेजारी उभे राहून लोकांच्या भाषेत सांगणे म्हणजे चित्रपटाचा अपमान, असेही एका प्राध्यापकमित्राचे म्हणणे पडले. जगाचा इतिहास तसे म्हणत नाही. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी बेन्शी नावाचा निवेदक उभा असे, आणि नटांइतकीच त्याच्याही नावावर गर्दी होई. इराणमध्ये रंगवलेल्या मोठ्या पडद्यासमोर उभे राहून काठीने एकेक प्रसंग दाखवत कथा सांगण्याची ‘परदेखानी’ची परंपरा आहे. आमच्या चित्रकथीची ती सख्खी चुलतबहीणच! तुर्कस्तानात कारागोझचा छायाखेळ आहे. जावातला चामड्याच्या बाहुल्यांचा ‘वायांग’ बहुसंख्य मुसलमान समाजात टिकला, आणि त्यातल्या कथा कुणाच्या? रामायण आणि महाभारताच्या! जावाचा मुसलमान कलावंत रात्रभर अर्जुनाची गोष्ट सांगतो आणि तिथल्या कुणाचाही धर्म बुडत नाही. ही गोष्ट पिंगुळीच्या ठाकराला सांगायला हवी आणि आमच्या मोहल्ल्यातही सांगायला हवी.

आपल्याकडेही कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली. काचेवरची रंगीत चित्रे दिव्याने पडद्यावर टाकायची आणि बाजूला उभे राहून गोष्ट सांगायची. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३ मध्ये. म्हणजे मराठी माणसाने सिनेमा पाहण्याआधी बोलते चित्र पाहिले होते. आणि ज्या इराणी सिनेमाचे आपण आज कौतुक करतो, त्याचा पहिला बोलपट ‘दुख्तर-ए-लुर’ १९३३ साली तयार झाला तो आपल्या मुंबईत, अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीत. जग आपल्याकडे येऊन गेले आहे. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणजे काहीतरी दूरचे, हा समज आपण उगाच करून घेतला आहे.

क्लबाने नाही म्हटल्यावर आम्ही एक संध्याकाळ स्वतःच केली. पिंगुळीत ओळखीच्या एका घरच्या अंगणात बूट हरवलेल्या मुलाचाच चित्रपट पाहायला वीस-पंचवीस माणसे जमली. त्यांत आमच्या घरातल्या बायका होत्या, शेजारच्या ठाकर घरांतल्या बायका होत्या, पोरे होती. आमच्यातला शिक्षक मालवणीत सांगू लागला. तो प्रत्येक वाक्य सांगत होता, न बोललेलेही सांगत होता. दहा मिनिटांनी एका वृद्ध कलावंताने त्याला थांबवले.

“मास्तर, तुमी सगळा सांगतास. सगळा सांगू नये. चित्रासाठी कायतरी ठेवूक होया.”

मग तो स्वतः पुढे बसला. शिक्षक त्याच्या कानात अर्थ सांगे आणि तो लोकांना सांगे, निम्म्या शब्दांत. अली धावत असताना तो काहीच बोलला नाही. नुसता टाळेवर बोटाने ठेका धरून बसला. आमच्या क्लबात इतकी वर्षे निवेदन, मौन आणि प्रतिमा यांवर जे बोलले गेले, ते सगळे त्या दोन वाक्यांत आले होते. ज्याला ‘कळणार नाही’ म्हणत होतो, त्याच्याकडून आम्ही शिकलो.

त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. बाप मशिदीसाठी साखरेचे खडे फोडत बसला आहे. मुलगी चहा आणून देते. तो साखर मागतो. ती म्हणते, तुमच्या पुढ्यात आहे की. तो म्हणतो, ही मशिदीची आहे. त्या वेळी आमच्यातल्या एकाची सत्तरीची खाला जोरात म्हणाली, “बरोबर! अमानत ती.” आणि पलीकडून एक ठाकर आजी म्हणाली, “देवळातलो तांदूळ घराक हाडूचो नाय, तसाच ता.” दोघी आयुष्यभर एकाच बाजारात मासळी घेत आल्या आहेत. एकमेकींच्या देवा-अल्लाबद्दल त्या कधी बोलल्या नसतील. त्या दिवशी तेहरानच्या एका गरीब बापाने त्यांना बोलायला लावले. व्यासपीठावर उभे राहून ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द आम्ही शेकडो वेळा उच्चारला आहे. तो घडताना मात्र क्वचित पाहिला होता.

आता बोट स्वतःकडे वळवले पाहिजे. ही संध्याकाळ झाल्यावर क्लबाच्या मंडळींकडून काही कुरबूर आली नाही, कुरबूर आली ती आमच्याच जमातीतून. ‘मुसलमानांच्या मुली रात्री सिनेमा बघायला बसवता, शिकल्यासवरल्यांची ही कामे काय?’ एका वडीलधाऱ्यांनी निरोप पाठवला की चित्र काढणेच ज्यांना मान्य नाही, त्यांच्या घरात तुम्ही चित्राचा मेळा भरवता. आम्ही त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या ओटीवर टीव्ही चालू होता. त्यावर सासू-सुनांची मालिका होती. आम्ही काही बोललो नाही. त्यांनीच आवाज बारीक केला.

हा दुटप्पीपणा आपण किती दिवस चालवणार? घरात मालिका चालते, मुलांच्या हातात मोबाईल चालतो, त्यावर काय येते हे बापाला ठाऊक नसते, तेही चालते. चालत नाही ते फक्त मुलीने चार माणसांत बसून एखादी गोष्ट पाहणे आणि तिच्यावर मत देणे. म्हणजे हरकत चित्राला नाही, मुलीच्या मताला आहे. सौदी अरेबियाचे उदाहरण आपल्याकडे ऊठसूट देतात ना? मग त्या देशाच्या हैफा अल-मन्सूर या बाईंचे उदाहरण द्या. २०१२ मध्ये त्यांनी ‘वाज्दा’ केला, सायकल हवी असलेल्या एका मुलीची गोष्ट. ती मुलगी सायकलीच्या पैशासाठी कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते. रस्त्यावर पुरुष कामगारांत उभे राहायची मुभा नव्हती म्हणून या दिग्दर्शिकेने गाडीत बसून वॉकीटॉकीवरून सूचना देत चित्रण केले. त्या वेळी तिथे चित्रपटगृहेच नव्हती. २०१८ पासून तिथे ती पुन्हा उघडली. रियाध बदलते आहे आणि आमचा मोहल्ला मात्र जुन्या रियाधची आठवण काढत बसला आहे!

सेनेगलचे उस्मान सेम्बेन हे कादंबरीकार. आपल्या लोकांना फ्रेंच कादंबरी वाचता येत नाही हे उमगल्यावर ते चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोला जाऊन चित्रपट शिकले. आमच्या या लेखाचा सगळा युक्तिवाद त्या एका निर्णयात आहे. त्यांच्या २००४ च्या ‘मूलादे’ या चित्रपटात गावातले पुरुष बायकांचे रेडिओ गोळा करून मशिदीसमोर पेटवतात. बायका प्रश्न विचारू लागल्या आहेत, त्याला कारण रेडिओ, असे त्यांचे निदान. हा चित्रपट आमच्या क्लबात सुचवला तेव्हा गंमत झाली. क्लबातले काही म्हणाले, ‘तुमच्या लोकांच्या भावना दुखावतील.’ आमच्यातले काही म्हणाले, ‘त्यांना आपली बदनामी करायला निमित्त मिळेल.’ दोघांचे कारण वेगळे, पण निर्णय एकच. आमच्या भावनांची इतकी काळजी घेणारे आम्हाला विचारत मात्र नाहीत, आणि बदनामीला भिणारे सुधारणेला भितात. मिरजोळीचे हमीद दलवाई याच कोकणातले. त्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत व्हायला हवे असे नाही, पण घरातला प्रश्न घरातल्याच माणसाने विचारावा, हे धैर्य या मातीतले आहे.

आणि हेही स्पष्ट सांगतो, की इराणी चित्रपट दाखवा म्हणजे इराणची सत्ता डोक्यावर घ्या असे नव्हे. ज्या देशात किआरोस्तामी झाले, त्याच देशात जाफर पनाही यांच्यावर २०१० मध्ये वीस वर्षांची चित्रपटबंदी लादली गेली. त्यांनी चोरून चित्रपट केले, आणि २०२५ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. मुसलमान समाज म्हणजे एकच एक चेहरा नाही, हे मुसलमानांनाही कळायला हवे आणि इतरांनाही. हिंदी पडद्यावर आम्ही फार तर शायर, नवाब, तवायफ, नाहीतर अतिरेकी. ‘गर्म हवा’ किंवा ‘नसीम’ यांसारखे अपवाद बोटांवर मोजण्याइतके. बूट हरवला म्हणून रडणारा, साखर मशिदीची म्हणून बिनसाखरेचा चहा पिणारा मुसलमान पिंगुळीच्या अंगणातल्या लोकांनी त्या रात्री पाहिला, आणि तो त्यांना ओळखीचा वाटला. हे काम आमचे निषेधाचे पंचवीस ठराव करू शकले नसते.

‘आता सगळे मोबाईलवर मिळते, क्लब हवाच कशाला?’ हा आजचा सर्वांत लोकप्रिय आक्षेप. मिळते हे खरे. पण पाहायला मिळणे आणि बरोबर बसून पाहणे, यांत घरी एकट्याने भात खाणे आणि पंगतीला बसणे एवढा फरक आहे. मोबाईल तुम्हाला तुमच्याच आवडीचे पुन्हा पुन्हा वाढतो. खाला आणि ठाकर आजी यांना तो एका पाटावर बसवत नाही. दुसरा आक्षेप परवानगीचा. तो रास्त आहे. चित्रपट कुणाच्या तरी कष्टाचा असतो. चोरून उतरवलेली प्रत लावून संस्कृतीच्या गप्पा मारू नयेत. घरच्या अंगणात एकदा चालून गेले म्हणून दर महिन्याला जाहीर खेळ करायला तसे चालणार नाही. पण हक्क मिळवणे, पत्रव्यवहार करणे, ही कामे संस्थेला जमतात, एकट्यादुकट्याला नाही. त्यासाठीच तर विद्यापीठ लागते! १८५७ चे मुंबई विद्यापीठ आमच्यापासून साडेचारशे किलोमीटरहून दूर आहे. विस्तारकार्याचा स्वतंत्र विभाग त्याच्याकडे आहे, राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे दर वर्षी खेड्यांत होतात. त्या शिबिरांत गटारे खणली जातात, रस्ते झाडले जातात. एक रात्र एका चांगल्या चित्रपटाला दिली तर सेवेत खंड पडेल काय? २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीला होतो. कुडाळहून पणजी किती लांब? मुंबईच्या मानाने हाकेवर. पण पणजीला आलेले जग पत्रादेवीचा नाका ओलांडून आमच्याकडे येत नाही, आणि आम्हीही ते आणायला जात नाही.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. चित्रपटाची वेळ शेवटच्या एसटीला विचारून ठरवा, नाहीतर चित्रपटच गावात न्या. चर्चा लोकांच्या बोलीत करा. ज्याला ते जमत नाही त्याने त्या दिवशी ऐकावे. पिंगुळीच्या कलावंताला उद्घाटनापुरते बोलावू नका. त्याला निवेदक म्हणून, जाणकार म्हणून बोलवा, पुढच्या खुर्चीवर बसवा आणि पाहुण्या वक्त्याला देता तेवढेच मानधन त्याला द्या. ज्या बाहुल्या आणि पोथ्या त्याच्याकडे आहेत, त्यांच्याबरोबर लोटे रायनिगर या जर्मन बाईंचा १९२६ चा, कागदी आकृत्या कापून केलेला ‘प्रिन्स अहमद’ दाखवा. अरबी सुरस कथा, जर्मन कात्री आणि पिंगुळीचा दिवा एका रात्रीत भेटू द्या. आणि आमच्या जमातीला आमचे सांगणे, की मुलीला पाठवा. भीती वाटत असेल तर तिच्याबरोबर तुम्हीही या, आणि शेवटपर्यंत बसा.

ती बाजारात भेटलेली विद्यार्थिनी आता लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने तेव्हाच दिले होते. अली शर्यतीत तिसरा यायला धावतो, कारण तिसऱ्याला बूट बक्षीस असतात. आणि तो दुर्दैवाने पहिला येतो. पण त्याच वेळी बापाने बाजारातून नवे बूट घेतले आहेत, हे आपल्याला दिसते. मुलांना अजून ठाऊक नसते. ती म्हणाली, “म्हणजे बूट घेतले होते. फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते.”

आमचेही म्हणणे तेवढेच आहे. जगातले उत्तम ते विद्यापीठाने घेऊन ठेवले आहे. ते माणसांपर्यंत पोहोचायचे राहिले आहे, आणि ते पोहोचेपर्यंत ‘त्यांना कळणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्यांनाही नाही, आणि आम्हालाही नाही.